एक दिवस, अनेक दिनदर्शिका



आयुष्यभर मराठी साहित्य शिकविलेल्या माणसाने संगणकावरील दिनदर्शिकांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यवाहांनी दूरध्वनीवर विषय विचारला तेव्हा तेही क्षणभर थांबले होते. माझे कारण आधी सांगतो. त्यातून विषय आपोआपच पुढे येईल.

हे व्याख्यान आपण गुरुवर्यांच्या पुण्यतिथीस, म्हणजे फाल्गुन शुद्ध त्रयोदशीस, सायंकाळी साडेसहा वाजता योजतो. २०२२ साली ही तिथी मार्चच्या मध्यास आली. परदेशातील माजी विद्यार्थ्यांना व्याख्यान घरबसल्या ऐकता यावे अशी सोय त्याच वर्षी प्रथम झाली. वर्गात माझ्याच बाकावर बसणारा माझा मित्र तेव्हा न्यू जर्सीत मुलाकडे राहत होता. अंथरुणाला खिळलेला होता. पण तेथील सकाळी नऊ वाजता तो पडद्यावर हजर झाला आणि शेवटपर्यंत बसून राहिला. पुढील वर्षी तिथी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. निमंत्रणपत्राचा मसुदा माझा होता. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, ‘गतवर्षीप्रमाणेच, न्यू जर्सीत सकाळी नऊ वाजता.’ कार्यालयातून संगणकाचे म्हणून जे स्वतंत्र निमंत्रण गेले, त्यात मात्र वेळ अचूक होती. ती तेथील सकाळच्या आठची होती. मित्राच्या मुलाने माझे पत्र वाचून कचेरीतल्या विंडोज संगणकावरून घरच्या सामायिक दिनदर्शिकेत नऊची नोंद केली. मित्राच्या आयफोनवर त्यामुळे एकाच व्याख्यानाच्या दोन नोंदी दिसू लागल्या, एक आठची आणि एक नऊची. त्याने अर्थातच माझ्या पत्रावर विश्वास ठेवला. तो आला तेव्हा आभारप्रदर्शन चालू होते. त्याच वर्षीच्या अधिक श्रावणात तो गेला.

चूक माझी होती, यात वाद नाही. परंतु दोन्ही यंत्रे शहाणी असताना त्यांना ही विसंगती का कळली नाही, हा प्रश्न मला सोडीना. माझ्या नातीने मला बरेच शिकविले, काही मी वाचून काढले. त्यातले जे आपल्या उपयोगाचे, ते आज मांडतो.

निरनिराळ्या यंत्रांवरील दिनदर्शिका एकमेकींशी जुळत्या ठेवण्याच्या क्रियेला संगणकवाले ‘सिंक’ म्हणतात. आपल्याकडे जमाखर्चाच्या व्यवहारातला ‘मेळ’ हा शब्द यासाठी चांगला आहे. मेळ घालणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. दोन वह्या स्वतंत्रपणे लिहिल्या गेल्या, तरी त्या एकाच व्यवहाराविषयी बोलत आहेत याची खातरजमा करणे, हा मेळ. संगणकाच्या बाबतीत ही खातरजमा अवघड होते, कारण प्रत्येक कार्यप्रणालीचा काळ मोजण्याचा आरंभबिंदूच वेगळा आहे.

युनिक्स आणि तिच्या कुळातल्या प्रणाली, ज्यांत लिनक्स आणि अँड्रॉइडही आले, १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. विंडोजची गणना १ जानेवारी १६०१ पासून, आणि तीही सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत चालते. जुन्या मॅकिंटॉशने १ जानेवारी १९०४ हा आरंभ धरला होता. यात आपल्याला हसण्यासारखे काही नाही. विक्रम संवत आणि शालिवाहन शक यांत १३५ वर्षांचे अंतर; संवताचे नवे वर्ष आपल्या माळव्यात चैत्रात उजाडते, तर बडोद्याच्या आपल्या बांधवांच्या शेजारी कार्तिकात. आम्हा इंदूरकरांच्या तर एकाच गल्लीत दोन महिने नांदतात. गोकुळाष्टमीला आमच्या घरी श्रावण वद्य अष्टमी असते, आणि भिंतीपलीकडे त्याच दिवशी भादों लागून आठवडा झालेला असतो. आकाशातला चंद्र एकच. अमान्त आणि पूर्णिमान्त गणनेतला हा भेद आपण लहानपणापासून मनातल्या मनात जुळवून घेत आलो. यंत्राला ते कोणीतरी सांगावे लागते.

न सांगितल्यास काय होते याचे एक उदाहरण याच शाळेतले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या जन्मतारखांची एक यादी जुन्या मॅकवरील एक्सेलमध्ये तयार झाली होती. ती विंडोजवरील तक्त्यात उतरविताच सारे विद्यार्थी चार वर्षे आणि एक दिवसाने वडील झाले. एका तक्त्याची गणना १९०० पासून, दुसऱ्याची १९०४ पासून. फरक बरोबर १,४६२ दिवसांचा. दुसरे उदाहरण घरचे. नातीने एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसविले. एकीतून दुसरीत गेले की घड्याळ साडेपाच तासांनी हुकायचे. यंत्राच्या आतले घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे विंडोज गृहीत धरते, तर ते ग्रिनिचची जागतिक वेळ दाखवते असे लिनक्स मानते. दोघांपैकी खोटे कोणीच नव्हते.

अशा परभाषी यंत्रांनी एकमेकांशी बोलावे कसे? १९९६ च्या सुमारास पामपायलट नावाचे तळहातावर मावणारे यंत्र निघाले. पाळण्यात ठेवून त्याचे बटण दाबले की त्यातली दैनंदिनी संगणकातल्या दैनंदिनीशी जुळे. पण ती दोघांचीच खासगी बोली होती. त्याच वर्षी ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या ‘व्हर्सिट’ नावाच्या मंडळाने ‘व्हीकॅलेंडर’ ही सामायिक लेखनपद्धती मांडली. तिच्या आधारे नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे प्रमाणक प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते दोघे: फ्रँक डॉसन आणि डेरिक स्टेनर्सन. पहिले लोटस कंपनीचे, दुसरे मायक्रोसॉफ्टचे. बाजारात या दोन कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते. सप्टेंबर २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि आजचा सारा व्यवहार तिच्यावरच उभा आहे.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला या प्रमाणकाचे कौतुक वाटते. त्यात गूढ काही नाही. साध्या अक्षरांत, एकेका ओळीत एकेक गोष्ट लिहिलेली असते: आरंभ केव्हा, शेवट केव्हा, मथळा काय, स्थळ कोणते. माणसालाही ती ओळ वाचता येते. मात्र मराठी मथळ्याच्या बाबतीत एक गंमत घडते. लांब ओळ ७५ ‘ऑक्टेट’पाशी मोडून पुढच्या ओळीवर न्यावी, असा त्यात संकेत आहे. रोमन अक्षर एका ऑक्टेटमध्ये मावते. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरखुणेला तीन लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे आपली ओळ पंचविसेक खुणांतच भरते. एखादी निष्काळजी आज्ञावली अक्षराच्या मधोमधच ओळ मोडते, आणि वाचणारी आज्ञावली तुकडे आधी न जोडता उलगडू लागली, की ‘स्मृतिव्याख्यान’ या शब्दात मधेच चौकोन आणि प्रश्नचिन्हे उगवतात. आपल्याला कधी असे निमंत्रण आले असेल, तर दोष टंकात नव्हता, ओळ मोडण्यात होता.

आता त्या दोन नोंदींकडे येतो. आयकॅलेंडरच्या प्रत्येक नोंदीत एक ओळ माणसाला सहसा न दिसणारी असते. तिला ‘यूआयडी’ म्हणतात. आपण तिला ओळखखूण म्हणू. नोंद जन्मते तेव्हाच ही खूण तिला मिळते, आणि जगात दुसऱ्या कोणत्याही नोंदीला ती मिळू नये अशी योजना असते. मथळा बदलो, वेळ बदलो, सभागृह बदलो, खूण बदलत नाही. तिच्याबरोबर आवृत्तीचा एक क्रमांक असतो. महत्त्वाचा बदल झाला की तो एकाने वाढतो. आपल्या यंत्राकडे त्याच खुणेची, पण वाढत्या क्रमांकाची नोंद आली, म्हणजे ते जुनी काढून नवी ठेवते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून नव्हे, तर दाखलक्रमांकावरून ग्रंथपाल ते ओळखतो, तसेच हे.

माझ्या मित्राच्या मुलाने शाळेचे संगणकीय निमंत्रण नुसते स्वीकारले असते, तर ओळखखूण एकच राहिली असती. त्याने नोंद हाताने टंकली. तिला नवी खूण मिळाली. त्या क्षणापासून यंत्रांच्या दृष्टीने ती दोन वेगळी व्याख्याने झाली. एकच मथळा, एकच दिवस, एका तासाचे अंतर. माणूस चटकन म्हणेल की हे एकच असावे. यंत्र म्हणणार नाही, आणि म्हणू नये हेच बरे. एरवी एकाच दिवशी दोन डॉक्टरांच्या भेटी ठरलेल्या असतील, तर त्यातली एक ते परस्पर पुसून टाकील.

निमंत्रणाची फाईल पुन्हा पुन्हा ‘आयात’ करण्यातला धोकाही याच जातीचा. काही आज्ञावल्या खूण पाहून जुनी नोंद सुधारतात, काही दर वेळी नवी प्रत भरतात. शिवाय आयात केलेली प्रत मूळ नोंदीपासून तुटलेली असते. शाळेने नंतर वेळ बदलली तरी तिला पत्ता नसतो. याउलट एखाद्या दिनदर्शिकेची ‘वर्गणी’ भरली, तर आपले यंत्र ठरावीक अंतराने मूळ स्थानी जाऊन बदल पाहून येते. आपल्याला तीत लिहिता येत नाही, आणि शाळेच्या कार्यक्रमांसाठी तेच इष्ट.

जिथे अनेकांनी लिहायचे, तिथे तिसरी व्यवस्था लागते. मार्च २००७ मध्ये ‘कॅलडॅव्ह’ नावाचा संकेत प्रमाणित झाला. त्यानुसार दिनदर्शिकेची अस्सल प्रत एका मध्यवर्ती संगणकावर राहते आणि आपापल्या यंत्रांवर असतात त्या तिच्या नकला. प्रत्येक नोंदीवर मध्यवर्ती संगणक एक शिक्का मारून ठेवतो. मी आगगाडीत, जोडणी नसताना, वेळ सहाची केली आणि त्याच सुमारास नातीने घरी सातची केली असे समजा. नातीचा बदल आधी पोहोचला, शिक्का बदलला. माझे यंत्र जुना शिक्का दाखवून बदल नोंदवू लागले की त्याला नकार मिळतो, आणि आधी नवी नोंद पाहा असे सांगितले जाते. पुढे काय करायचे हे ज्या त्या आज्ञावलीच्या स्वभावावर अवलंबून. पाम यंत्र अशा वेळी दोन्ही नोंदी ठेवून निवाडा मालकावर सोपवी. मला ती रीत अजूनही सभ्य वाटते.

आयफोन आणि ॲपलचे संगणक कॅलडॅव्ह जाणतात. अँड्रॉइडमध्ये ते मुळात नाही. तिथे गूगलचे खाते तरी हवे, नाहीतर मध्यस्थ म्हणून वेगळी आज्ञावली. आउटलुक आणि त्यामागचे एक्स्चेंज यांची स्वतःची बोली आहे. म्हणून घरात तीन प्रकारची यंत्रे असतील, तर कोणते यंत्र कोणाशी बोलू शकते हे पाहण्यापेक्षा, तिघांनाही गाठता येईल असे एकच खाते अस्सल प्रत म्हणून ठरवावे. दोन खाती एकमेकांना जोडून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. एकाचा बदल दुसऱ्यात, दुसऱ्याचा पुन्हा पहिल्यात, असे फिरत राहून एका वाढदिवसाचे चार वाढदिवस झालेले मी पाहिले आहेत. आणखी एक: मेळ म्हणजे जपणूक नव्हे. एका यंत्रावर पुसलेली नोंद इमानेइतबारे सगळ्या यंत्रांवरून पुसली जाते.

हे सारे झाले तरी माझी मूळ चूक उरतेच, आणि ती वेळेची होती. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करतात. २००७ पासून हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतला जातो. भारतात तसे काही नाही. म्हणून आपले साडेसहा म्हणजे न्यू जर्सीचे हिवाळ्यात सकाळचे आठ आणि उन्हाळ्यात नऊ. आपली त्रयोदशी २०२२ साली त्या रविवारनंतर आली, २०२३ साली आधी. मी पंचांग पाहिले होते, त्यांचे घड्याळ पाहिले नव्हते.

कार्यालयाच्या निमंत्रणात वेळ अचूक निघाली, कारण तिच्या शेजारी स्थळाचे नाव होते: ‘एशिया/कोलकाता’. जगातल्या प्रत्येक प्रदेशाचे घड्याळ केव्हा किती बदलले याचा एक मोठा कोश संगणकांत असतो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८० च्या दशकात सुरू केला. पुढे पॉल एगर्ट यांनी तो सांभाळला. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत आपले नाव ‘एशिया/कलकत्ता’ असे होते, आणि जुनी यंत्रे अडू नयेत म्हणून तेही पर्यायी नाव म्हणून ठेवले आहे. विंडोज मात्र याच प्रदेशाला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणते. त्यामुळे दोन्ही नावांची जोडपी लावणारा तक्ता युनिकोडच्या मंडळींना जपावा लागतो. २०११ साली ज्योतिषाच्या आज्ञावल्या विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने या दोघा संपादकांवर मालकीहक्काचा दावा लावला. पुढच्या वर्षी तो मागे घेतला गेला. दरम्यान कोशाची जबाबदारी इंटरनेटची नावे आणि क्रमांक सांभाळणाऱ्या ‘आयाना’ या संस्थेकडे गेली. ज्योतिषांना या कोशात एवढा रस का, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारताचे घड्याळ एक तास पुढे होते. त्या वर्षांतल्या पत्रिका मांडताना तो तास वजा करतात. मुंबईत तर १९०६ साली प्रमाणवेळ आल्यावरही ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत पाळली जात होती.

वाढदिवसाची गोष्ट उलट आहे. त्याला स्थळ लावायचे नसते. १४ तारीख ही १४ तारीखच, कोठेही असा. प्रमाणकात त्यासाठी वेळ नसलेली, निव्वळ तारखेची नोंद आहे; तिला ‘पूर्ण दिवस’ म्हणतात. पण ती मध्यरात्री बारा वाजता म्हणून कोणी लिहिली, तर आपली मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचची आदल्या दिवशीची सायंकाळचे साडेसहा, आणि अमेरिकेतल्या नातवाचा फोन एक दिवस आधी येतो. आपण तरी आनंदानेच घेतो तो.

आता शेवटचा भाग. अधिक श्रावणात गेलेल्या मित्राची वार्षिक तिथी आयफोनवर ‘दरवर्षी’ अशी लावता येईल का, असे त्याच्या मुलाने मला विचारले. १९९८ च्या प्रमाणकात पुनरावृत्तीचे नियम होते ते केवळ इंग्रजी तारखांचे. मे २०१५ मध्ये त्यात भर पडून चिनी, हिब्रू, इथिओपियन अशा गणनांनुसार नियम लिहिण्याची वाट उघडली. हिब्रू पंचांगातही अधिक महिना आहे, आणि ज्या वर्षी तो नसेल त्या वर्षी नोंद पुढे सरकवावी, मागे घ्यावी की गाळावी, हे सांगण्याची सोय त्या भरीत आहे. आपल्याकडेही अधिक मासातील मृत्यूचे श्राद्ध इतर वर्षी सामान्यतः त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात करतात, म्हणजे अडचण ओळखीचीच. तथापि आपल्या तिथीचे काम तेवढ्याने भागत नाही. ती सूर्योदयाला सुरू होत नाही, तिचा क्षय होतो, वृद्धी होते. आणि श्राद्धाला अपराह्णकाळची तिथी लागते, सूर्योदयाची नव्हे. मुलाला मी पंचांग पाहून दरवर्षी एक नोंद हाताने करावयास सांगितले. ‘पूर्ण दिवस’ म्हणून, घरच्या सामायिक दिनदर्शिकेत, एकदाच. तो आता दर चैत्रात मला फोन करून तारीख विचारून घेतो.

आपल्या व्याख्यानासाठी कार्यालयाने एक स्वतंत्र दिनदर्शिका उघडली असून तिच्या वर्गणीचा पत्ता या पुस्तिकेबरोबरच्या कागदावर दिला आहे. ज्यांच्या यंत्रांत मागील वर्षांची हाताने केलेली किंवा आयात केलेली नोंद असेल, त्यांनी ती आधी पुसून मग वर्गणी जोडावी. निमंत्रणपत्राचा मसुदा अजूनही मीच लिहितो. त्यात आता ‘इंदूर, सायंकाळी साडेसहा’ एवढेच असते.